पान लागलं की काळपुळी? अचानक मेलेल्या जनावराबद्दल दोन प्रश्न

प्रश्न (साक्री तालुका): पहिल्या पावसाला आठवडा झाला. संध्याकाळी धडधाकट चरून आलेली गाय सकाळी मेलेली. पोट फुगलेलं, नाकातून काळपट रक्त. घरचे म्हणाले, पान लागलं, म्हणजे साप चावला असेल. कातडं न काढता नाल्याकाठी पुरली. बरोबर केलं ना?

उत्तर: अर्धं बरोबर केलंत, भाऊ. सापानंही जनावर झटकन मरतं, पण नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळं रक्त आणि न ताठलेलं अंग दिसलं, तर आधी काळपुळी, म्हणजे फाशीची (अँथ्रॅक्सची) शंका घ्यायची. कातडं काढलं नाहीत, हे मोठं काम झालं. बंद धडात सडताना हे जंतू मरतात. धड फाडलं, हवा लागली की ते कवच धरतात. असे कवचातले जंतू, म्हणजे बीजाणू, मातीत कित्येक दशकं टिकतात. उन्हाळ्यानंतर खुरटं गवत ढोरं मातीसकट ओरबाडतात, तेव्हा ते पोटात जातात. म्हणूनच डॉक्टरसुद्धा असं जनावर फाडत नाहीत, कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त तपासायला घेतात.

चुकलं ते नाल्याकाठी पुरणं. पूर आला की माती उघडी पडते आणि सगळं पांझरा नदीकडे वाहतं. आता स्वतः उकरू नका. जागेला काट्यांचं कुंपण घाला, तिथे चराई बंद करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या फोन क्रमांकावर कळवा. अशी वेळ पुन्हा आली तर डॉक्टरांच्या देखरेखीत धड पूर्ण जाळणं सर्वांत चांगलं; ते जमत नसेल तर पाण्यापासून दूर, निदान सहा फूट खोल पुरा. नुसत्या चुन्याच्या भरवशावर राहू नका, त्यानं बीजाणू मरत नाहीत.

प्रश्न (चोपडा तालुका): असाच बैल मेला. सोलणाऱ्याच्या मनगटावर पुळी आली, मधोमध काळी पडली, दुखत मात्र नाही. हळद लावली. मटणाचे वाटेही झाले होते.

उत्तर: दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, न दुखणं हीच काळपुळीची खूण आहे. आजच सरकारी दवाखान्यात न्या आणि ‘मेलेला बैल सोलला’ हे आवर्जून सांगा. डॉक्टर हाताकडे बघून ओळखतीलच असं नाही. पुळी दाबू नका, कापू नका. वेळेत प्रतिजैविकं मिळाली की माणूस बरा होतो; उपचारच झाला नाही तर जिवावर बेतू शकतं. घरच्यांना सहसा त्याच्यापासून लागण होत नाही, पण जखम झाकून ठेवा.

ज्यांनी मटण खाल्लं त्यांनीही त्रासाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं. ताप, पोटदुखी, रक्ताची उलटी-जुलाब किंवा गळ्याला सूज असेल तर तडक रुग्णालय गाठा. शिल्लक मटण कुत्र्यालाही टाकू नका. चांगलं शिजवलं होतं, हा युक्तिवाद इथे चालत नाही. घरच्या उकळीवर बीजाणू मरतीलच याचा भरवसा नाही.

उरलेल्या ढोरांना लस डॉक्टरच ठरवून देतील. ती जिवंत जंतूंची असते, म्हणून प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असताना देत नाहीत. रोग एकदा दिसलेल्या शिवारात ती दरवर्षी, पावसाळ्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या.