अडकलेल्या पेमेंटसाठी पार्टीला इंग्लिशमध्ये फॉर्मल लेटर कसं लिहायचं?
मी फोर्टला एका ऑफिसात रोज हेच करते, तर सांगते. पहिल्याच वाक्यात बिल नंबर, तारीख, रक्कम टाका, नाहीतर समोरचा अर्धं वाचून बाजूला ठेवतो. 'विथ रिस्पेक्ट टू द अबव्ह सब्जेक्ट' वगैरे सोडून द्या, सब्जेक्ट वर लिहिलेलाच असतो ना. तारखेत महिना अक्षरात लिहा कारण 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून आणि अमेरिकेत 6 मे. 'डू द नीडफुल' नको प्लीज, नक्की काय हवंय ते लिहा, 'अमुक तारखेपर्यंत पेमेंट करा'. आणि हो, ब्रिटिश पद्धतीत 'डिअर सर' असेल तर शेवटी 'युअर्स फेथफुली', नाव घालून सुरुवात केली तर 'युअर्स सिन्सिअरली'.