क्षमा मागूनही अपराधीपणा का जात नाही?

"देवाकडे कितीदा क्षमा मागितली, तरी मन मोकळं होत नाही. माझा विश्वासच कच्चा आहे का?" ख्रिस्ती कुटुंबांतली माणसं मला हे नेहमी विचारतात. बहुतेकांना आधीच कुणीतरी 'वचन पाठ करा, प्रार्थना वाढवा' असं सांगून वाटेला लावलेलं असतं.

अहिल्यानगर भागातल्या एका शिक्षिकेचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदल करून. वडिलांच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी थोरल्या बहिणीने ४० हजार पाठवले होते. या शिक्षिका ताईंनी ते गुपचूप नवऱ्याच्या कर्जात भरले. चार महिन्यांत वडील गेले. तेव्हापासून त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, घेणं सोडलं. "मीच मारलं दादांना," त्या वडिलांबद्दल म्हणाल्या.

मी दवाखान्याची फाइल मागवली. पैसे येण्याआधीच्या स्कॅनमध्येच आजार यकृतात पसरल्याचं लिहिलेलं. वेदना कमी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांनी काही सुचवलं नव्हतं, आणि तेवढं सरकारी रुग्णालयात झालंही होतं. म्हणजे मृत्यू त्यांच्या माथी नव्हता. ४० हजार मात्र होते. न केलेल्या गुन्ह्याची त्या रोज क्षमा मागत होत्या आणि केलेला बहिणीपासून लपवत होत्या. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात आपली पापं पदरी घ्यायला सांगितलंय, नसलेली ओढवून घ्यायला नाही.

(काहींची तर चूकच नसते, अत्याचार त्यांच्यावर झालेला असतो. त्यांना क्षमा मागायला लावणं हाच अन्याय. आणि झोप उडाली, जगणं नकोसं झालं, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच.)

ताईंनी तोडगा काढला: बहिणीच्या खात्यात मुकाट्याने पैसे भरायचे. मी म्हटलं, "पैसे घेऊन येशूला धरून देणाऱ्या यहूदानेही ते परत केले होते, ताई. ते टाकून तो एकटाच निघून गेला. पेत्र या शिष्यानेही प्रभूला नाकारलं, पण रडून झाल्यावर तो बाकीच्या शिष्यांतच राहिला." लाज माणसाला एकटं पाडते, म्हणून तोंडाने सांगणं टळत नाही. मग लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय वाचला, लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, चौपट फेडीचं जक्कय नंतर बोलतो. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, हे पटायला ताईंना बरेच आठवडे लागले. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात वाढलेल्यांना फुकटची कृपा लवकर पचत नाही.

शेवटी त्या बहिणीकडे जाऊन बोलल्या. आक्का भडकली. "पैशाचं सोड, इतकी वर्षं खोटं का बोललीस?" दरमहा दोन हजारांचा हप्ता ठरला, बोलणं मात्र बंद.

"आधी समेट कर, मग अर्पण वाहा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे ना? मग मी प्रभुभोजन कसं घेऊ?" प्रश्न रास्त होता. पण प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात 'तुमच्याकडून होईल तितके' शांतीने राहा म्हणतो. ताईंकडून होण्यासारखं झालं होतं. आक्काचा राग आक्काच्या वेळेने उतरेल. चर्चच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोलून त्या पुढच्या महिन्यापासून प्रभुभोजन घेऊ लागल्या. आक्का अजून बोलत नाही.