माडग्याळ मेंढ्याच्या मुंडक्याला हरणाचा फॉर्म: माप कुठून कुठं घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा. जत भागातला माडग्याळ जातीचा मेंढा न्यूमोनियानं गेला, त्याचं मुंडकं भरून ठेवायचंय. खांद्यापर्यंतचं कातडं पाठीवरून चीर देऊन काढलंय आणि डीप फ्रीजरमध्ये आहे, सोललेलं मुंडकंही वेगळं ठेवलंय. मेंढ्याचा फॉर्म, म्हणजे कातडं चढवायचा फोमचा तयार आकार, मिळाला नाही, म्हणून अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाच्या फॉर्मच्या मापांच्या तक्त्यातला 8 बाय 22 चा मागवायचा विचार आहे. डोळा ते नाक 8 इंच, मान 22 इंच, दोन्ही मापं सोलायच्या आधी शिंप्याच्या टेपनं घेतलेली.

दादा, मागवू नका. दोन्ही आकडे फुगलेले आहेत.

हरणाच्या तक्त्यात पहिला आकडा असतो तो डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा, सरळ रेषेत. दुसरा मानेचा घेर, कानांच्या लगेच मागं आणि जबड्याच्या खाली, जिथं मान सर्वांत बारीक असते तिथला. आणि तो कातडं काढल्यावर, मांसावरून घेतलेला. फॉर्म म्हणजे कातडं नसलेलं जनावर, त्यामुळं मापही तसंच लागतं. व्हाइटटेलच्या मोठ्या नराचं पहिलं माप 7 ते साडेसात इंचांच्या आसपास येतं. 7 बाय 19 म्हणजे डोळा ते नाक 7 आणि घेर 19. काही तक्त्यांत मानेचं आणखी खालचं एक माप दिलेलं असतं. ते कुठल्या जागेवर घ्यायचं हे प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं, त्यामुळं त्याचं चित्र बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आता तुमचे आकडे. माडग्याळची ओळखच मुळी पोपटासारखं बाकदार नाक. त्या बाकावरून टेप फिरवला की माप सरळ रेषेपेक्षा जास्त येणारच. हे माप टेपनं घ्यायचंच नाही, बाहेरून धरायच्या कॅलिपरनं घ्यायचं. 12 इंची कॅलिपर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडं बघायला मिळेल. नसेल तर एका सरळ पट्टीला दोन काटकोन उभे लावा, एक डोळ्याच्या कोपऱ्याशी, दुसरा नाकाच्या शेंड्याशी, आणि मधलं अंतर वाचा. टेपचं 8 मात्र खोडू नका, त्याचं काम पुढं आहे.

मानेचे 22 इंच लोकरीवरचे आहेत, ते सोडून द्या. लोकर दाबून धरली तरी टेप आणि मांस यांच्यात लोकर आणि कातडं दोन्ही राहतात. व्यास अर्ध्या इंचानं फुगला तर घेर दीड इंचानं वाढतो. हरणातही हिवाळी केसांवरून माप घेणारे हीच चूक करतात. शिवाय माजाच्या दिवसांत नराची मान सुजल्यासारखी जाड होते, आणि धड मागच्या पायांनी टांगलं असेल तर रक्त उतरून मान आणखी भरते.

धड पुरलंय, तेव्हा मान आता कातड्यावरूनच काढावी लागेल. कातडं फ्रीजरमधून काढून थंड जागेत सुटू द्या, उन्हात अजिबात नको. कातडं पुरतं मऊ झालं की मांसाची बाजू वर करून टेबलावर नुसतं पसरा. कानांच्या मागं चिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टेप टाका. मग दोन्ही काठ हलके ताणून पुन्हा माप घ्या. ओलं कातडं सहज इंच-दोन इंच ताणलं जातं. फॉर्म निवडायचा तो सैल मापाच्या जवळचा. अशीच मापं 3 इंच खाली आणि छातीच्या सुरुवातीलाही घ्या.

मीठ लावायच्या आधी हे सगळं व्हायला हवं. मिठानं पाणी सुटून कातडं आखडतं, त्यावरचं माप कशाच्याच उपयोगाचं नाही. दुसऱ्या बाजूनं घाईही आहे, कारण सुटलेलं कातडं जतच्या उन्हाळ्यात काही तासांत केस सोडायला लागतं, आधी कान, ओठ आणि पापण्या. मापं लिहून झाली की त्याच बैठकीत कान उलटे करा, ओठ आणि पापण्या आतून फाडून पातळ करा आणि कातड्याच्या वजनाइतकं बारीक मीठ चोळा. 24 तासांनी पाणी झटकून ताजं मीठ.

मुंडकं टाकलं नाहीत हे फार बरं केलंत. त्यावरून ही मापं घ्या: डोळा ते नाक सरळ, डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत, दोन्ही डोळ्यांवरच्या हाडांमधली रुंदी, नाकपुड्यांशी तोंडाची रुंदी, आणि डोळ्याखाली जबड्याची खोली. मुंडकं उकळून कवटी साफ करायचा मोह होईल, पण नाकाचा शेंडा कुर्चेचा असतो. उकळल्यावर तो जातो आणि पहिलं माप खोटं पडतं. बुबुळाचा गोळा काढून त्याचा व्यासही लिहा, काचेचे डोळे त्यावरून मागवायचे.

आणि नाकाचा बाक. सोल्डरची मऊ तार कपाळापासून नाकापर्यंत दाबून बसवा, अलगद उचला आणि कागदावर तिची रेघ मारा. टेपचे 8 आणि कॅलिपरचा आकडा यांत जेवढा फरक, तेवढं जास्तीचं कातडं नाकावर येणार. हरणाचं नाक जवळजवळ सरळ. पहिलं माप अगदी बरोबर असलेला हरणाचा फॉर्म आणलात तरी मेंढ्याचं कातडं नाकावर सुरकुतेल आणि वाळल्यावर आत बसेल. शिवाय मेंढ्याचं कपाळ रुंद, हरणाचं तोंड निमुळतं. पहिल्या आकड्यावर जाऊन हा फरक कळत नाही.

म्हणून माझं मत: मुंडकं हातात असताना परदेशातून फॉर्म आणण्यात अर्थ नाही. फोम वजनाला हलका, पण खोका मोठा, आणि भाडं खोक्याच्या आकारावर लागतं. मुंडक्याचा प्लास्टरचा दोन भागांचा साचा काढा, जोड मधल्या रेघेवर, आतून पेट्रोलियम जेली. गणपती करणारा कुठलाही कारागीर हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईनं करेल. त्यात दोन द्रव मिसळून फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओता, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच. फोम उघड्यावर ओता, मास्क आणि हातमोजे घालून. मान फोमच्या ठोकळ्यातून कोरून जोडा.

हरणाची मान तयार मिळालीच तर घेर बदलता येतो. घेर 3 इंच कमी करायचा तर मधून साधारण दीड इंच जाडीची उभी फाळ चिरून काढायची आणि दोन भाग पुन्हा चिकटवायचे. दोन आकारांत अडकलात तर लहान घ्या. लहान फॉर्मवर शाडूत कागदाचा लगदा आणि गोंद मिसळून भर घालता येते. मोठ्यावर कातडं ओढून शिवलं तर वाळताना ते आखडतं, पाठीवरची शिवण उघडते आणि कान मागं ओढले जातात. डोक्याचं माप मात्र लहानही चालत नाही, मोठंही नाही.

चिकटवायच्या आधी कातडं नुसत्या टाचण्यांनी बसवून बघा. डोळा डोळ्यावर, ओठ ओठावर, शिवण दोन बोटांच्या जोरानं मिटली पाहिजे. अर्धा इंच कमी पडलं तर कातडं न ओढता फॉर्म पाठीवर लाकूड घासायच्या कानशीनं घासा.

पुढच्या वेळी जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं तर सुरीच लावू नका. ती काळपुळी असू शकते. आधी पशुवैद्यकाला बोलवा.

तुमचा दुसरा प्रश्न, सागरेश्वरच्या बाजूला गाडीखाली मेलेल्या चितळाला हाच तक्ता चालेल का. तक्ता चालेल, तुम्हाला चालणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 39 प्रमाणं मेलेलं जनावरही सरकारी मालमत्ता आहे, आणि वन्यप्राण्याचं कातडं भरून देण्याचा धंदा करायला कलम 44 खाली परवाना लागतो. हात न लावता वनरक्षकाला कळवा. मेंढ्याला यातलं काही नाही.

डोळे बसवताना बाहुलीची आडवी फट जमिनीला समांतर ठेवा, मुंडकं खाली झुकवलं असलं तरी. मेंढी चरताना मान खाली घालते तेव्हा डोळा आतल्या आत फिरून ती फट आडवीच ठेवतो.