मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट आज घ्यावा का? लोक त्याला एवढी नावं का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की 2017चा हा मारामारीचा गेम (मार्व्हलचे सुपरहिरो विरुद्ध कॅपकॉम या गेम कंपनीची पात्रं) सेलमध्ये स्वस्त दिसतोय, पण जिथे बघावं तिथे त्याची टिंगल चाललेली, मग घ्यावा की नाही? पीसीवर खेळणार असाल आणि शेजारी दुसरा गेमपॅड धरायला कोणी असेल, तर बिनधास्त घ्या. एकट्याने स्टोरी मोड संपवायचा असेल किंवा वुल्व्हरिनसाठी जीव टाकत असाल, तर पैसे वाचवा. वुल्व्हरिन यात नाहीच.

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ याच्या नेमकं उलट हे प्रकरण आहे. इथे हात सोन्याचे आहेत आणि चेहरा कथलाचा.

आधी हातांबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष खेळाबद्दल. सामना दोघांविरुद्ध दोघांचा. आधीच्या दोन भागांत तिघांचा संघ असायचा आणि असिस्टचं बटण दाबलं की साथीदार धावत येऊन एक ठरलेला वार करून परत जायचा. इन्फिनिटमध्ये असिस्ट काढूनच टाकले. त्याऐवजी अ‍ॅक्टिव्ह स्विच आहे: पात्र केव्हाही बदला, अगदी वार अर्धवट असतानाही. कॅपकॉमच्या रियूने हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) सोडलं आणि लगेच स्विच दाबलं, तर रियू आपला वार पूर्ण करून मग बाहेर जातो, तोवर स्पायडर-मॅन मैदानात उतरून थेट तुमच्या हुकमात. हादोकेन समोरून येतंय आणि स्पायडर-मॅन डोक्यावरून मागच्या बाजूला. समोरच्याने ब्लॉक डावीकडे करायचा की उजवीकडे? जुन्या पद्धतीत साथीदाराची एकच चाल हाताशी असायची, इथे त्याची प्रत्येक चाल असिस्ट होऊ शकते. कुठल्या दोन पात्रांची जोडी कशी जमते हे शोधण्यातच महिने जातात, आणि ते महिने मजेत जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे इन्फिनिटी स्टोन. सहापैकी एक निवडायचा. प्रत्येकाचा एक छोटा वापर, सर्ज, जो सामन्यात सतत करता येतो. आणि स्टोनचं मीटर, म्हणजे पडद्यावरची भरत जाणारी पट्टी, निदान अर्धं भरल्यावर एक मोठा, स्टॉर्म. स्पेस स्टोनचा सर्ज शत्रूला तुमच्याकडे ओढून आणतो, स्टॉर्म त्याला एका चौकोनात कोंडतो. हॅगर किंवा हल्कसारखा जवळ पोचेपर्यंत अर्धा मार खाणारा गडी असेल, तर हा स्टोन म्हणजे त्याचं औषधच. टाइमचा सर्ज तुम्हाला झपकन पुढे नेतो, समोरच्याच्या आरपारही. सोल स्टोनचा स्टॉर्म तर पडलेल्या साथीदाराला उठवून परत उभा करतो. म्हणजे पात्राची उणीव कुठल्या स्टोनने भरायची हे तुम्ही ठरवता. मला हे त्या मालिकेतलं सगळ्यात शहाणपणाचं डिझाइन वाटतं.

तुलना करायची तर अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 3 बघा. तिथे एक फटका लागला की बऱ्याचदा ते पात्र संपलंच, पुढचे काही सेकंद तुम्ही नुसते प्रेक्षक. शिवाय एक्स-फॅक्टर: शेवटचा उरलेला गडी चिडून एकटाच तिघांना लोळवतो. बघायला थरारक, हरणाऱ्याला मात्र कपाळावर हात मारायला लावणारं. इन्फिनिटमध्ये मार खाता खाताच (स्टोनच्या नव्हे, मोठ्या वारांच्या वेगळ्या) मीटरचे दोन बार खर्चून साथीदाराला आत बोलावता येतं, त्याला काउंटर स्विच म्हणतात. मार खाणाऱ्यालाही विचार करावा लागतो आणि मारणाऱ्यालाही, कारण साथीदार कधी उडी मारेल याचा नेम नाही. तरी कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेले वार, लांबतात, हे खरं. स्विचमुळे एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू, आणि नव्या खेळाडूला ‘आता माझी पाळी कधी?’ असं होतं.

नवख्यांसाठी सोय बरी आहे. हलका पंच दाबत राहिलात की आपोआप छोटा कॉम्बो होतो, दोन्ही जड बटणं एकदम दाबली की हायपर कॉम्बो, म्हणजे मीटर खर्चून होणारा मोठा वार. लहान भाच्यालाही दहा मिनिटांत आयर्न मॅनचा प्रोटॉन कॅनन सोडता येतो. मग तो तुम्हाला सोडत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता चेहरा. तिसरा भाग कॉमिकच्या पानासारखा दिसायचा, काळ्या गडद सावल्या, भडक रंग. इन्फिनिटने सिनेमासारखं ‘खरं’ दिसायचा हट्ट धरला आणि सगळे प्लास्टिकचे झाले. 2017च्या जूनमध्ये स्टोरी मोडचा डेमो आला तेव्हा स्ट्रीट फायटरमधल्या चुन-लीच्या चेहऱ्यावरून इतका गदारोळ झाला, की कॅपकॉमला तो विक्रीपूर्वी नव्याने करावा लागला. संगीतही तसंच. आधी प्रत्येक पात्राची धून डोक्यात घोळायची, इथली धून सामना संपताच विसरते.

आणि पात्रं. सुरुवातीच्या 30 पैकी 24 तिसऱ्या भागातूनच आलेली. एक्स-मेन एकही नाही, फॅन्टास्टिक फोरही नाहीत, डॉक्टर डूम नाही. कारण जाहीरपणे कोणी नीट सांगितलं नाही. त्या काळी या मंडळींच्या सिनेमांचे हक्क फॉक्स या फिल्म कंपनीकडे होते, त्यावरून ज्याने त्याने काय ते ओळखलं. पण ही मालिका मुळात 1996च्या एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरपासून सुरू झाली. एक्स-मेनच्या जगातले मॅग्नेटो आणि स्टॉर्म (स्टोनचा स्टॉर्म नव्हे, पात्र) हे तिचे घरचेच लोक. त्यावर कॅपकॉमकडून उत्तर आलं ते साधारण असं, की चाहत्यांना पात्रापेक्षा त्याचं काम हवं असतं; मॅग्नेटोसारखं हवेत कुठल्याही दिशेला झेपावणं नोव्हा आणि कॅप्टन मार्व्हललाही येतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण दोन जगांतली माणसं एकत्र आणून विकलेल्या खेळात ‘माणूस कोण याने फरक पडत नाही’ असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणं. माझ्या मते गेम तिथे पडला. ग्राफिक्स नंतर सुधारता आले असते.

भर म्हणून ब्लॅक पँथर आणि मॉन्स्टर हंटर (कॅपकॉमच्या त्याच नावाच्या मालिकेतलं शिकारी पात्र) स्टोरी मोडमध्ये दिसतात, पण खेळायला घ्यायचे तर वेगळे पैसे. स्टोरी मोडही अल्ट्रॉन आणि सिग्मा हे दोन्हीकडचे खलनायक एकत्र होऊन दोन्ही जगं जोडतात, एवढ्यावर चाललेला. वकांडा आणि मॉन्स्टर हंटरचं जग मिळून ‘वल्कांडा’ हे नाव ऐकून मी हसलो, पुढे फार काही घडलं नाही.

2018च्या जानेवारीत ड्रॅगन बॉल फायटरझी आला. तिघांचा संघ, लाडकी पात्रं, आणि दिसायला हुबेहूब कार्टून. लोक तिकडे गेले. त्याच वर्षीच्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीत इन्फिनिट नव्हता, जिथे वर्षानुवर्षं मार्व्हलचा सामना म्हणजे शेवटच्या दिवसाचं आकर्षण असायचा.

मग आज पीसीवरच घ्या असं का म्हणतोय? कारण 2024च्या अखेरीस ‘इन्फिनिट अँड बियॉन्ड’ हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमच्या फाइली बदलून केलेली नवी आवृत्ती, आला, फुकट. यूट्यूबवरचा मॅक्सिमिलियन डूड आणि त्याच्यासोबतच्या मॉडर मंडळींनी तो बनवला. सगळ्या पात्रांना कॉमिकसारखं रूप, पडद्याची मांडणी नवी, संगीत नवं. खालचा खेळ तोच. तो लावल्यावर पहिल्यांदा हा गेम जसा खेळतो तसाच दिसतो. कन्सोलवर हे काही मिळत नाही.

ऑनलाइनचं मात्र आधीच सांगतो. नेटकोड (ऑनलाइन सामना सांभाळणारी यंत्रणा) रोलबॅक पद्धतीचा, म्हणजे इंटरनेटचा उशीर झाकणारा आहे, तिसऱ्या भागापेक्षा कितीतरी चांगला; पण समोर माणूस हवा ना! क्रॉसप्ले नाही, त्यामुळे पीसीवाल्याला पीसीवालाच शोधावा लागतो, आणि भारतातून रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) नुसतं वाट बघत बसायची तयारी ठेवा. डिस्कॉर्डवर आधी ठरवून खेळणं बरं.

घेताना सहा जादा पात्रं असलेली आवृत्ती किंवा त्यांचा पास सेलमध्ये आहे का तेवढं बघा, नाहीतर व्हेनम आणि विंटर सोल्जर खेळायला मिळणार नाहीत. आणि मॉड लावण्याआधी मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा.