स्ट्रीमिंगचे पैसे: सही करायच्या आधी विचारा, नंतर नको

म्युझिक राइट्सची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम आहे. गेले काही महिने गायक, गीतकार, छोटे लेबलवाले सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येताहेत आणि प्रत्येकाकडे कुणा मित्राने सांगितलेली अर्धवट माहिती आधीच असते. म्हणून एकदाच इथे उत्तरं देतोय.

स्पॉटिफायवर एका प्लेला नक्की किती पैसे मिळतात? प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो. (नाशिक)

कारण ठरलेला रेटच नाहीये. एका देशातून महिन्याभरात सबस्क्रिप्शन आणि जाहिरातींचे जे पैसे येतात त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कदारांसाठी बाजूला काढतात आणि मग त्या देशातल्या एकूण प्लेमध्ये तुमचा वाटा किती त्या हिशोबाने वाटतात. म्हणजे तुमचा चाहता महिनाभर फक्त तुमचंच गाणं ऐकत बसला तरी त्याचे पैसे थेट तुमच्याकडे येत नाहीत, सगळे एकाच हंड्यात पडतात. आपल्याकडे हा हंडाच लहान आहे. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये होते, त्याच वेळी अमेरिकेत ९.९९ डॉलर, आणि आपल्याकडे बहुतेक लोक फुकटच ऐकतात. तुमच्या स्टेटमेंटमध्ये देशाचा कॉलम असतो तो बघा, न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा एक प्ले इथल्या कितीतरी प्लेपेक्षा जास्त देऊन जातो.

वर्षात हजारापेक्षा कमी प्ले झाले तर काहीच मिळत नाही, हे खरंय का? (अकोला)

स्पॉटिफायपुरतं खरंय, २०२४ पासून. त्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० प्ले लागतात.

मी गीतकार आहे. एका कंपनीने १० हजार देऊन कागदावर सही घेतली. आता गाणं यूट्यूबवर तुफान चाललंय, कंपनी म्हणते तुमचा संबंध संपला. (लातूर)

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

असे कागद मी आठवड्याला बघतो. १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, वर दोन ओळीत नाव-पत्ता, आणि खाली एकच लांबलचक वाक्य की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी. हे "विश्वात" आणि "कायमस्वरूपी" उगाच नाही लिहीत हो. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून ते दोन शब्द आवर्जून घालतात आणि आपला माणूस स्टुडिओच्या सोफ्यावर बसून चहा पीत पीत सही करतो.

पण "संबंध संपला" हे चूक आहे. २१ जून २०१२ पासून कायदा बदललाय. गीतकार आणि संगीतकार कॉपीराइट विकू शकतो, पण पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा घ्यायचा हक्क सोडू शकत नाही. तो फक्त वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. याच्या उलट करार केला असेल तर तेवढा भाग रद्दबातल. सिनेमाचं गाणं असेल तर थिएटरमधल्या सिनेमाबरोबरचा वापर यात येत नाही, बाकी येतो. ही वसुली करणारी सोसायटी म्हणजे आयपीआरएस, नव्या कायद्याखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झालेली. आणि इथेच लोक माती खातात, मेंबर होत नाहीत, झाले तर गाणंच रजिस्टर करत नाहीत, केलं तर कुणाचा किती वाटा ते लिहीत नाहीत. गाणं हिट झाल्यावर धावपळ करून काय उपयोग, रेकॉर्डिंगच्या दिवशीच चाल कुणाची, शब्द कुणाचे हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

तुमच्या केसमध्ये करार कधीचा, गाणं कुठल्या प्रकारचं, तुम्ही नोकरीत होतात का, हे बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. कागद घेऊन कॉपीराइटच्या वकिलाकडे जा, आणि कंपनीने आणखी एखादा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका.

एक एजन्सी ३ हजारात लाख प्ले देते म्हणते. घेऊ का? (पिंपरी)

अजिबात नाही! ते बॉट असतात, म्हणजे माणसं नाहीत, आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम. पकडलं गेलं की प्ले वजा होतात, गाणं काढून टाकतात, आणि स्पॉटिफाय आता वितरकाला (तुमचं गाणं अॅपवर पोचवणारी कंपनी) प्रत्येक गाण्यामागे दंड लावतं, तो वितरक तुमच्याकडूनच वसूल करू शकतो. असले प्ले आधीच विकत घेतले असतील तर वितरकाला स्वतःहून लेखी कळवा, गप्प बसू नका.

तुकोबांचा अभंग गाऊन टाकला तर परवानगी लागते का? (आळंदी)

शब्दांना नाही. पण चाल कुणाची? पारंपरिक असेल तर खुशाल गा, एखाद्या संगीतकाराची असेल तर तो हयात असेपर्यंत आणि गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क असतो. हाच नियम कवितेला. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०३७ संपेपर्यंत हक्क आहे. "सगळेच टाकतात की" हे उत्तर हक्काचा क्लेम आल्यावर कामाला येत नाही. चालीबद्दल शंका असेल तर आधी विचारा.

मी ढोलकी वाजवतो. वादकाला काही मिळतं का? (सातारा)

हो, कायद्यात वादकही परफॉर्मर आहे, कलम ३८ए बघा. इसाम्रा या गायक-वादकांच्या सोसायटीकडे चौकशी करा आणि सेशनच्या तारखा वहीत लिहीत जा.

वडिलांची कॅसेट कंपनी होती, लोकगीतं आणि भक्तिगीतांच्या मास्टर टेप कपाटात पडून आहेत. अपलोड केल्या तर उत्पन्न होईल का? (कोल्हापूर)

होऊ शकतं, जुन्या गाण्यांना ऐकणारे आहेत. रेकॉर्डिंगवर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे कॅसेटच्या काळातलं बहुतेक सगळं अजून हक्कात आहे. पण वडिलांचे करार शोधा, त्यात फक्त कॅसेट लिहिलंय की सगळी माध्यमं, यावर पुढचं ठरतं आणि ते वकीलच वाचून सांगेल. गायक, गीतकार किंवा त्यांच्या घरच्यांशी आधी बोला, वाटा लेखी ठरवा. मगच वितरक निवडा.

आणि टेप मात्र वकिलाची वाट बघत ठेवू नका. पांढरी बुरशी दिसत असेल तर घरच्या डेकवर लावूनही बघू नका, पट्टी खरवडून निघते आणि डेकही घाण होतो. जुन्या टेपचं काम करणाऱ्या स्टुडिओत न्या, पावसाळ्याच्या आत.