‘कोमेदियँ’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या केबेक प्रांतातले दिवंगत अभिनेते मिशेल कोते यांना फ्रेंच मजकुरात ‘कोमेदियँ’ म्हटलेलं असतं. मराठीत लिहिताना ‘कॉमेडियन’ म्हणावं, ‘विनोदी नट’ म्हणावं की आणखी काही?

‘अभिनेता’ किंवा ‘नट’ म्हणावं. फ्रेंचमध्ये ‘कोमेदियँ’ म्हणजे नट, मग तो हसवो की रडवो. स्त्री असेल तर ‘कोमेदियेन’. पूर्वी ‘कोमेदी’ हा शब्द कुठल्याही नाटकाला चालायचा. पॅरिसमध्ये १६८० साली स्थापन झालेल्या ‘कोमेदी-फ्रांसेझ’ या संस्थेत नाटककार मोलिएरच्या प्रहसनांबरोबर रासीनच्या शोकांतिकाही होत आल्या, तरी तिच्या नावात कुणाला काही खटकलं नाही. आपल्याकडचा ‘कॉमेडियन’ इंग्रजीतून आला, तो फक्त हसवणाऱ्याचा अर्थ घेऊन.

कोते यांच्या बाबतीत गोंधळ होणं अगदी स्वाभाविक आहे, कारण ते खरोखरच मोठे विनोदी नट होते. १९७९ साली मॉन्ट्रियलमध्ये ‘ब्रू’ हे नाटक रंगमंचावर आलं. ब्रू म्हणजे बिअरवरचा फेस. एका गुत्त्यातली गिऱ्हाइकं, आणि ती सगळी साकारणारे तिघंच नट: कोते, मार्क मेसिए आणि मार्सेल गोतिए. याच तिघांनी ते २०१७पर्यंत केलं. तीन हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९८९च्या ‘क्रूझिंग बार’ चित्रपटात तर शनिवारी रात्री बाई पटवायला निघालेले चार पुरुष आहेत आणि चारही कोतेच. मोर, बैल, सिंह आणि गांडूळ अशी त्या चौघांची ओळख. एकच चेहरा, पण चाल, खांदे, नजर चौघांची वेगळी. हे पाहून कुणी ‘विनोदी नट’ लिहिलं तर मी दोष देणार नाही.

पण हाच माणूस १९९६मध्ये ‘ओमेर्ता’ या दूरचित्रवाणी मालिकेत माफियाच्या मागावरचा पोलीस झाला. आणि २००५मध्ये दिग्दर्शक जाँ-मार्क व्हालेच्या ‘सी.आर.ए.झेड.वाय.’ या चित्रपटात पाच मुलांचा बाप. हा बाप दर नाताळात फ्रेंच गायक आझ्नाव्हूरचं तेच गाणं म्हणतो. आधी हसू येतं. पुढे आपला मुलगा समलिंगी आहे हे त्याला सोसवत नाही, तेव्हा त्याच लाडक्या बापाची भीती वाटू लागते. या भूमिकेसाठी कोते यांना कॅनडाचा जिनी हा चित्रपट पुरस्कार मिळाला. ‘कॉमेडियन’ म्हटलं की नेमकं हे सगळं वाचकाच्या नजरेआड जातं, म्हणून माझा आग्रह.

मग आपण ज्याला स्टँड-अप कॉमेडियन म्हणतो त्याला तिथे काय म्हणतात? ‘युमोरिस्त’. २००९च्या ‘द पेर आँ फ्लिक’ या चित्रपटात दोन्ही शब्द एकत्र भेटतात. बाप आणि मुलगा दोघेही पोलीस, एकमेकांशी पटत नाही, आणि तपासासाठी त्यांना बाप-लेकांच्या समुपदेशन शिबिरात वेषांतर करून जावं लागतं. बापाच्या भूमिकेत कोते, म्हणजे कोमेदियँ. मुलाच्या भूमिकेत लुई-जोझे ऊद, मुळात युमोरिस्त. दोघेही हसवतात. ऊदना ‘विनोदवीर’ खुशाल म्हणा, मला तो शब्द आवडतोही. कोते यांच्याबद्दल मात्र ‘केबेकचे अभिनेते, विनोदी भूमिकांसाठी विशेष लोकप्रिय’ असं लिहावं: विनोदी हे विशेषण भूमिकेला लावावं, माणसाला नाही.

नावाचंही सांगून ठेवतो. आडनावाच्या शेवटी ‘ए’ उच्चारायचा: कोते. इंग्रजी वळणाने ‘कोट’ लिहू नये. आणि मिशेल हे इथे पुरुषाचं नाव आहे, तेव्हा क्रियापदं पुल्लिंगीच.