ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, गडाची वाट आणि गडावरचे अवशेष कसे नोंदवावेत?

रस्त्याचा वर्ग डांबरावरून नव्हे, तर वाहतुकीतील त्याच्या स्थानावरून ठरतो. म्हणून दोन गावांना जोडणारा कच्चा रस्ताही ‘अनक्लासिफाइड’ (गावे जोडणारा किरकोळ रस्ता) म्हणून नोंदवावा आणि त्याचा कच्चेपणा ‘सरफेस’ (पृष्ठभाग) या खुणेत, म्हणजे टॅगमध्ये, सांगावा. राजगडाच्या चोर दरवाजाची गुंजवण्याकडून चढणारी वाट मात्र ‘पाथ’च (पायवाट) आहे, तिथे ‘सॅक स्केल’ या डोंगरवाटांच्या काठिण्यश्रेणीने अवघडपणा नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण नकाशावर विसंबून नवखा माणूस भर पावसात त्या कातळाला भिडतो. गडाचे क्षेत्र तटबंदीच्या कडेने आखून त्याला ‘हिस्टॉरिक’ खूण द्यावी; पाली दरवाजा, पद्मावती तलाव, पडके चौथरे स्वतंत्रपणे दाखवावेत. जागेवर न दिसणारी ऐकीव माहिती वगळावी. गूगलच्या नकाशावरून काहीही उतरवू नये; परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही.